मुलीच्या मैत्रिणी वस्तीला येतात तेव्हा…

मार्चअखेरीस परीक्षा संपल्या की दवाखान्यात तापाचे पेशंट कमी होतात आणि प्रश्नांचे वाढतात. यंदा तीन-चार पालकांनी मला एकच प्रश्न विचारला. "डॉक्टर, मुलगी मैत्रिणीकडे रात्री राहायला जाऊ का म्हणते. पाठवू का?" खरं तर हा प्रश्न डॉक्टरला विचारायचा नाही. पण त्यामागे जे दडलेलं असतं ते वैद्यकीयच असतं: रात्रभर जागली तर आजारी पडेल का, बाहेरचं खाऊन पोट बिघडेल का, आणि ज्या मुलींना कसला तरी आजार आहे त्यांनी काय करायचं? या परीक्षेला मी स्वतःही यंदा बसलो. आमच्या लेकीची दहावी संपली, त्या शनिवारी तिच्या पाच मैत्रिणी आमच्याकडे रात्री राहिल्या. म्हणून आजचा लेख.

मुली याला 'स्लीपओव्हर' म्हणतात. माझ्या आईने, जिने ऐंशी ओलांडली आहे, एवढंच विचारलं, "म्हणजे चेडवां वस्तीक येतली ना?" हा शब्द आपल्याकडे नवा नाही. शेवटची एसटी गावात येऊन मुक्काम करायची ती वस्तीची गाडी, आणि उशीर झाला म्हणून राहिलेला पाहुणा वस्तीला. रात्र जागवणंही नवं नाही. मंगळागौरीचं जागरण, गणपतीतल्या बायकांच्या फुगड्या, जत्रेतला दशावतार, सगळं रात्रीचंच. राक्षसाची एन्ट्री होईपर्यंत आम्ही पोरं आईच्या मांडीवर झोपलेली असायचो आणि पखवाज वाढला की दचकून उठायचो. फरक इतकाच की तेव्हा राखणीला अख्खा गाव जागा असे. आता ती जबाबदारी एका बापावर येते. बायकोने संध्याकाळीच जाहीर केलं, "जेवणखाण माझ्याकडे, रात्रपाळी तुमची. तुम्हाला उठायची सवय आहे."

सवय आहे हे खरं. पण रात्री उठून पेशंट बघणं आणि शेजारच्या खोलीत सहा मुली खिदळत असताना झोपण्याचा प्रयत्न करणं यांत पहिलं सोपं आहे.

आधीच्या आठवड्यात मी प्रत्येक मुलीच्या घरी फोन केला होता. तीनच प्रश्न विचारले. कशाची अ‍ॅलर्जी आहे का? (आपल्याकडे ओले काजू आणि कोळंबी-कुर्ल्या यांचं विचारून ठेवलेलं बरं.) दम्याचा पंप किंवा रोजची एखादी गोळी आहे का? रात्री काही झालं तर कोणत्या नंबरवर फोन करायचा? सगळीकडून "नाय हो डॉक्टर, काय नाय" असंच उत्तर आलं. अर्ध्या तासाने एका आईचा पुन्हा फोन आला. आवाज खाली होता. "डॉक्टर, मघाशी घरात माणसं होती म्हणून बोलले नाही. हिला फिट येते. मी तिला पाठवत नाही. तिला काहीतरी कारण सांगा तुम्ही, तुमच्याकडून आलं तर ती ऐकेल."

पुढचं सगळं त्या मुलीच्या आणि आईच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आधीचं दीड वर्ष मागे जाऊ. मुलगी चौदा वर्षांची. सकाळी उठल्यावर हातातून वस्तू उडायच्या. वेणी घालताना फणी, दात घासताना ब्रश, एकदा चहाचा भरलेला कप. पडायच्या नव्हे, उडायच्या, कोणी कोपराला धक्का मारल्यासारख्या. घरात तिचं नाव 'धांदरट' पडलं. मग चुलतभावाच्या लग्नात हळदीच्या रात्री सगळे पहाटेपर्यंत जागले, आणि सकाळी साडेसहाला न्हाणीघराच्या दारात ती कोसळली. पूर्ण फिट. डोळे फिरले, हातपाय आखडले, तोंडातून फेस आला. लग्नघरात एकच गोंधळ. कोणी चप्पल हुंगवली, कोणी दातांत चमचा घातला. मग बांबोळीला नेलं. तिथे तपासण्या झाल्या आणि मेंदूतज्ज्ञांनी निदान केलं: जुव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी. गोळी सुरू झाली. तेव्हापासून एकही फिट नाही.

हा प्रकार आपण नीट समजून घेऊ, कारण तो दुर्मीळ नाही आणि वर्षानुवर्षं ओळखला जात नाही. जर्मन मेंदूतज्ज्ञ डिटर यान्त्स आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९५७ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. तो सुरू होतो साधारण १२ ते १८ या वयात. आधी चांगली असलेली, अभ्यासात हुशार अशी मुलं-मुली. पहिली खूण म्हणजे झोपेतून उठल्यावर पहिल्या तासा-दोन तासांत खांद्यांना आणि हातांना बसणारे क्षणिक झटके. त्या वेळी शुद्ध जात नाही, म्हणून कोणी त्याला आजार समजत नाही. पुढे कधीतरी मोठी फिट येते, आणि तिला निमित्त बहुतेक वेळा एकच असतं: आदल्या रात्रीची अपुरी झोप. परीक्षेचं जागरण, लग्न, रात्रीचा प्रवास. धोका रात्री नसतो, सकाळी असतो. रात्रभर जागून मुलगी ठणठणीत हसत-खेळत असते आणि उजाडल्यावर, उठल्या-उठल्या फिट येते.

असं का होतं? मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या सूक्ष्म संदेशांतून बोलतात. एकाच वेळी खूप पेशी एकसुरात बोलू लागल्या की फिट येते. त्यांना आवरून धरणारी यंत्रणाही मेंदूतच असते. काही जणांत ती जन्मतःच थोडी सैल असते. झोप कमी पडली की ती आणखी सैल होते. डॉक्टर तर या गोष्टीचा तपासणीत उपयोग करतात. मेंदूचा आलेख, म्हणजे ईईजी काढताना काही पेशंटना मुद्दाम सांगितलं जातं, "आदल्या रात्री जागरण करून या." साध्या आलेखात लपलेला दोष जागरणानंतरच्या आलेखात दिसतो.

इथे एक गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी. मोठी फिट आली की घरचे डॉक्टरला फक्त त्या फिटबद्दल सांगतात. सकाळचे झटके सांगत नाहीत, कारण ते त्यांना महत्त्वाचे वाटत नाहीत. पण औषध त्यावर ठरतं. फिटवरची कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइन ही इतर प्रकारांत उपयोगी औषधं या प्रकारात झटके वाढवू शकतात. आणि सोडियम व्हॅल्प्रोएट हे इथे गुणकारी असलं तरी मुलींना देताना पुढचा विचार करावा लागतो. गरोदरपणी ते चालू असेल तर सुमारे दहापैकी एका बाळात जन्मजात व्यंग आढळतं, आणि बौद्धिक वाढीवर परिणाम होण्याचं प्रमाण त्याहून जास्त आहे. म्हणून मुलींसाठी शक्य तिथे दुसरी औषधं निवडतात. हे वाचून कोणी चालू गोळी स्वतःहून बंद करू नये. गोळी अचानक बंद करणं हे फिट येण्याचं जागरणाइतकंच मोठं कारण आहे. शंका असेल तर लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा.

आता त्या आईकडे वळू. दीड वर्षात तिने मुलीला शाळेच्या सहलीला पाठवलं नव्हतं, गणपतीत शेजारी फुगड्यांनाही नाही. शाळेत सांगितलं नव्हतं, शेजारी सांगितलं नव्हतं. "उद्या लग्नाचं बघायचं तर लोक बोलतात," हे तिचं कारण. मुलगी पंधरा वर्षांची. मी तिला दोष देत नाही. अपस्माराला, आपण ज्याला मिरगी, फेफरं, आकडी म्हणतो त्याला, आपल्या कायद्यानेच अनेक वर्षं डाग मानला होता. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात विवाहासाठी अपात्र ठरवणाऱ्या अटींमध्ये एपिलेप्सीचा उल्लेख होता. तो काढला गेला १९९९ च्या दुरुस्तीने. म्हणजे आज फिटचा आजार हे हिंदू विवाहाला कायदेशीर आडकाठी नाही. कायदा बदलून पंचवीस वर्षं झाली, पण गावात ही बातमी अजून पोचलेली नाही. मी ती दवाखान्यात मोठ्या आवाजात सांगतो, बाहेर बाकावर बसलेल्यांनाही ऐकू जाईल अशी.

मी त्या आईला खोटं कारण सांगायला नकार दिला. विचारलं, "गोळी वेळेवर घेते?" घेते. "दीड वर्षात सकाळचे झटके?" नाहीत. "रात्री किती वाजता झोपते?" दहाला. "मग तिला पाठवा. ती आमच्याकडे साडेदहाला आईच्या खोलीत झोपेल. बाकीच्या जागल्या तरी हिची झोप मोडणार नाही हे मी बघतो. मात्र मैत्रिणींना सांगायचं की नाही, ते तिचं तिने ठरवायचं. तुम्ही नाही, मी नाही." पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग, "तिच्या बाबांना विचारते," म्हणून फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी बाबाच दवाखान्यात आले. बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "तुम्ही जागे असाल ना डॉक्टर?"

असेन म्हटलं.

शनिवारी संध्याकाळी पोरी आल्या. ओल्या काजूची उसळ, घावणे, सोलकढी आणि त्यांनी स्वतः आणलेले कोल्ड्रिंक आणि चिप्स. कोलाच्या बाटल्या मी रात्री आठनंतर फ्रीजमध्येच ठेवल्या. त्यात कॅफीन असतं आणि घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मं शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. एकीने रंग बदलत लुकलुकणारा डिस्कोचा बल्ब आणला होता. तो मी काढून ठेवला. या प्रकारच्या अपस्मारात काही पेशंटना लुकलुकत्या प्रकाशानेही फिट येते. जपानमध्ये १६ डिसेंबर १९९७ रोजी पोकेमॉन या कार्टूनच्या एका भागात लाल-निळा प्रकाश वेगाने लुकलुकला, आणि त्या रात्री सुमारे ६८५ मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं. त्यांतल्या अनेकांना आधी कधीही फिट आली नव्हती. बल्ब का काढला हे मी सांगितलं नाही. 'काका बोअर आहेत' हा शिक्का मारून घेणं स्वस्त पडलं.

जेवताना तिनेच सांगितलं. घावण्याचा तुकडा मोडता मोडता, कोणाकडे न बघता. "मी साडेदहाला झोपणार. मला फिटचा त्रास आहे. जागले की येते." पानावर सगळ्या गप्प. मला वाटलं, आता काहीतरी बोलावं लागणार. एवढ्यात एकीने विचारलं, "म्हणून तू सहलीला आली नव्हतीस? आम्हाला वाटलं, आमचा राग आलाय तुला." आणि दुसरीने, जिला डॉक्टर व्हायचं आहे, माझ्याकडे वळून विचारलं, "काका, आली तर काय करायचं? कांदा हुंगवायचा ना?"

मग हात धुऊन झाल्यावर हॉलमध्ये पाच मिनिटांचा वर्ग झाला. आमची लेक पेशंट म्हणून जमिनीवर आडवी. मी दाखवत गेलो. कांदा नाही, चप्पल नाही, हातात लोखंड नाही. तोंडात काहीही घालायचं नाही, चमचा नाही, बोट तर नाहीच. जीभ गिळली जात नाही, पण दात मात्र तुटतात. हातपाय दाबून धरायचे नाहीत. आजूबाजूचं टणक सामान बाजूला करायचं, डोक्याखाली मऊ काही घालायचं, गळ्याशी घट्ट असेल ते सैल करायचं. झटके थांबल्यावर, किंवा मधेच जमलं तर, कुशीवर वळवायचं, म्हणजे लाळ बाहेर जाते आणि श्वास मोकळा राहतो. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणी पाजायचं नाही. आणि घड्याळ बघायचं. हे सगळे विसरतात. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते, पण बघणाऱ्याला ती अर्ध्या तासाची वाटते. पाच मिनिटं उलटली, किंवा एक थांबून शुद्धीवर यायच्या आत दुसरी आली, तर १०८ ला फोन. पाण्यात फिट आली, पडून डोक्याला मार लागला किंवा आयुष्यातली पहिलीच फिट असेल तर पाच मिनिटांचीही वाट बघायची नाही. काही पेशंटना डॉक्टर नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे लिहून देतात. तो घरात असेल तर कुठे ठेवला आहे हे सगळ्यांना माहीत हवं.

लेक पेशंटचं काम करताना इतकी हसत होती की तिला कुशीवर वळवणं कठीण झालं. जिच्यासाठी हे चाललं होतं ती बाजूला बसून सूचना देत होती. "डोक्याखाली उशी नको, टॉवेल घाल."

साडेदहाला ती आईच्या खोलीत गेली. बाकीच्या पाच जणी मागच्या पडवीत, तिथून आवाज कमी येईल म्हणून. हा माझा अंदाज फक्त आईच्या खोलीपुरता बरोबर ठरला. पडवीला लागून आमची खोली आहे.

या पाच जणींबद्दल सांगतो, कारण बहुतेक घरांत प्रश्न त्यांचाच असतो. निरोगी किशोरवयीन मुलीने एक रात्र जागून काढली तर तिला काही होत नाही. दुसऱ्या दिवशी चिडचिड, डोकं जड, आणि पुढच्या रात्री मेंदू गाढ झोपेचा वाटा वाढवून बरीचशी भरपाई करतो. काळजी एका रात्रीची नाही, वर्षभराच्या रात्रींची आहे. १३ ते १८ वयात रोज ८ ते १० तास झोप लागते. आमच्याकडे दहावीची किती मुलं ती घेतात? रात्री बाराला झोपणाऱ्या मुलाला आपण आळशी म्हणतो, पण वयात येताना शरीराचं घड्याळ खरोखरच मागे पडतं. अंधार पडल्यावर मेंदूत पाझरणारं मेलाटोनिन हे झोपेची वर्दी देणारं द्रव्य या वयात दीड-दोन तास उशिरा पाझरतं. मोबाइलचा उजेड ते आणखी लांबवतो. म्हणून दहा वाजता 'झोप' म्हटलं तरी त्यांना झोप येत नाही, आणि सहाला उठवलं तर ती त्यांच्या शरीराची मध्यरात्र असते.

महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये आदेश काढला की चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊ किंवा त्यानंतर भराव्यात. हेतू चांगला. पण झोपेचं शास्त्र बघितलं तर उशिराची शाळा सगळ्यांत जास्त गरजेची आहे आठवी ते बारावीला. लहान मुलं तशीही लवकर उठतात, हे ज्यांच्या घरी चार वर्षांचं मूल आहे त्यांना सांगायला नको. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ मध्ये मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत अशी शिफारस केली, आणि कॅलिफोर्निया राज्यात २०२२ पासून हायस्कुलांसाठी तसा कायदाच लागू झाला. आपल्याकडे त्याच मुलांना सहाच्या क्लासला पाठवतात आणि त्याला शिस्त म्हणतात.

असो. बारापर्यंत गाणी झाली. मग देवचाराच्या गोष्टी. सव्वाला वीज गेली आणि अशी एकमुखी किंकाळी उठली की शेजाऱ्यांचा कुत्रा पुढची वीस मिनिटं भुंकत होता. मी टॉर्च घेऊन आधी आईच्या खोलीत डोकावलो. मुलगी गाढ झोपेत. आई जागी. "रे, नीज तू. मी आसंय," ती म्हणाली. मी तिला म्हटलं, तू झोप. "आमी खंय निजत होतंव गणपतीत?" म्हणत तिने कूस बदलली.

दोननंतर हसणं सुरू झालं. ते कारण नसलेलं, थांबवता न येणारं हसणं. यालाही शरीरशास्त्र आहे. झोप कमी पडली की भावनांना लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग आधी थकतो, म्हणून अपरात्री साध्या शब्दाला पोट धरून हसू येतं आणि त्याच सहजतेने रडूही येतं. तीनच्या सुमाराला एक रडली. कारण मला कळलं नाही, विचारलंही नाही. लेकीने ते मिटवलं.

मी किती झोपलो? तुकड्यातुकड्यांनी तासभर. पन्नाशीनंतर गाढ झोपेचा वाटा मुळातच कमी झालेला असतो आणि आवाजाने जाग लवकर येते. त्या तासाभराचा पुरावा मात्र मुलींनी जमा केला: माझ्या घोरण्याचं मोबाइलवर रेकॉर्डिंग. नाश्त्याला ते सगळ्यांना ऐकवण्यात आलं. मी ते बारकाईने ऐकलं. घोरताना मधेच श्वास थांबून धाप लागल्यासारखा परत सुरू होत असेल तर तपासणी करावी लागते, कारण त्याचा रक्तदाबाशी आणि हृदयाशी संबंध असतो. माझं घोरणं सलग आहे. तुमच्या घरी कोणी घोरत असेल तर असं रेकॉर्डिंग करून डॉक्टरकडे जरूर न्या, ते फार उपयोगी पडतं.

पण त्याआधीचा एक तास राहिला. साडेसहा. पाच जणी शेवटी पडवीत आडव्यातिडव्या झोपल्या होत्या. मी स्वयंपाकघरात. घरात सगळे शांत झोपलेले असताना माझी खरी रात्रपाळी तेव्हा सुरू झाली. झटके येणार असतील तर या वेळेला, हे मला माहीत होतं आणि तिलाही. ती उठून आली, गोळी घेतली, म्हणाली, "काका, मी चहा करू?" आठ तास झोपली होती, चेहरा ताजा होता. मी नको म्हटलं असतं तर तिच्या आईत आणि माझ्यात काय फरक? कर म्हटलं. गॅसजवळ उभा मात्र राहिलो. तिने आधण ठेवलं, आलं किसलं, चार कप भरून ट्रे उचलला. मी वर्तमानपत्रात डोकं घातल्यासारखं करून तिच्या मनगटांकडे बघत होतो. ट्रे टेबलावर ठेवून ती म्हणाली, "नाही पडणार काका. मी पण त्याकडेच बघत असते रोज."

ते वाक्य मी नंतर तिच्या आईला सांगितलं.

पोरींचा बेत होता सकाळी नदीवर जायचा. तो मी सगळ्यांसाठीच रद्द केला. न झोपलेल्या मुलींनी पाण्यात उतरू नये, आणि फिटचा आजार असलेल्या कोणीही एकट्याने कधीच नाही, मग नदी असो, तळं असो की विहीर. त्यांना घरी सोडायलाही मी गेलो नाही, पालकांना बोलावलं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवलं की सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची सफाई रक्तात १०० मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसाइतकी घसरते. आपल्या कायद्यात गाडी चालवताना मर्यादा ३० ची आहे. मी तर त्याहून जास्त वेळ जागा होतो. महामार्गावर पाच मुली घेऊन जाण्याच्या अवस्थेत मी नव्हतो. रात्रीच्या लग्नाहून पहाटे स्वतः गाडी चालवत परतणाऱ्यांनीही हा हिशेब एकदा करून बघावा.

तिला न्यायला बाबा आले. या वेळी बसले, चहा घेतला. जाताना त्यांनी विचारलं की गोळ्या किती वर्षं घ्यायच्या. हा प्रश्न मला नेहमी येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार योग्य निदान आणि उपचार मिळाले तर अपस्माराचे ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण फिटमुक्त राहू शकतात. अनेक प्रकारांत काही वर्षांनी औषध हळूहळू बंद करता येतं. या प्रकारात मात्र फिट थांबलेल्या असल्या तरी गोळी बंद केल्यावर त्या परत येण्याचं प्रमाण मोठं आहे, म्हणून ती बहुतेकांना दीर्घकाळ घ्यावी लागते. रक्तदाबाची गोळी रोज घेतोच की आपण, असं मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. पटलं की नाही, कळलं नाही. पुढच्या महिन्यात मेंदूतज्ज्ञांकडे जाताना आधी माझ्याकडे या म्हणून सांगितलं. सकाळच्या झटक्यांची तारीखवार नोंद कशी ठेवायची ते दाखवायचं होतं. ती नोंद आता मुलगीच ठेवते. पानं कोरी आहेत.

परवा आईचा फोन आला. यंदा जत्रेला मैत्रिणी दशावतार बघायला जाणार आहेत, ही पण मागे लागली आहे. पाठवू का? जत्रा अजून बऱ्याच महिन्यांवर आहे, पण प्रश्न आतापासून आला याचा मला आनंद झाला. मी म्हटलं, दुपारी झोप काढली तरी ती रात्रीच्या झोपेची जागा घेत नाही. संध्याकाळी जाऊ दे, पालखी बघू दे, खाजं घेऊ दे आणि साडेदहाला घरी. "पण डॉक्टर, दशावतार तर बारानंतर सुरू होतो," ती म्हणाली. तेही खरंच. मग आम्ही दोघांनी मिळून तोडगा काढला: दिवसा प्रयोग असेल तिथे तिला न्यायचं. हल्ली बऱ्याच ठिकाणी संध्याकाळी दशावतार लावतात.